घड्याळवाल्यांना दिलेलं उत्तर

तेलुगू मुलखातल्या तलमडुगू गावी आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीनदा डाक यायची आणि त्यातली बहुतेक रद्दी असायची. बाबा मराठी शाळेत मास्तर. एकदा त्यांनी कुठल्याशा मासिकाच्या मागच्या पानावरचं आकड्यांचं कोडं सोडवून पाठवलं. कोडं असं, की म्हशीलाही सुटावं. मग उत्तरेकडच्या एका गावाहून पत्र आलं: श्रीमान गुरुजी, आपण भाग्यवान विजेते आहात, घड्याळ अर्ध्या किमतीत घ्या. पाठोपाठ ताकदीच्या गोळ्या आल्या, नशिबाच्या अंगठ्या आल्या, अकरा कार्डं लिहा नाहीतर वाटोळं होईल म्हणणारी देवीची पत्रं आली. या लोकांची मला किळस यायची. अजून येते.

ही पीडा आपोआप टळली असती. पण बाबा प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून लिहायचं मी, तेही हिंदीत. सही तेवढी ते करत. ‘आपलं पत्र मिळालं, आनंद झाला. घड्याळ आमच्याकडे आहे, तरी क्षमा असावी. घरच्यांना नमस्कार.’ एका उत्तरामागे चार नवी पाकिटं यायची.

“बाबा, मशीनवर छापेल हाय ते. सगळ्यायले एकच धाडतेत.”

“पत्ता त हातानं लेहला हाय ना, माय. लेहनाऱ्याले उत्तर द्या लागते.”

त्यांच्या लहानपणी आमच्या वस्तीत डाकवाला पाऊल ठेवत नसे. पत्र आलंच तर पटेलाच्या ओसरीवर पडून राही आणि कोणाची मर्जी झाली की खाली फेकलं जाई. त्यामुळे ‘श्रीमान’ म्हणणारा कोणीही त्यांना पाहुण्यासारखा वाटे. हे मला कळत होतं, आणि तरी त्या भोळेपणाची लाज वाटायची. इंटर पास झालेली मी, बापाच्या नावानं भामट्यांना नमस्कार कळवत बसले होते.

एके दिवशी घड्याळवाल्यांचं पुन्हा पत्र आलं आणि माझं डोकं फिरलं. बाबा नेहमीचंच सांगत होते, मी मान डोलवत कार्डावर लिहिलं, ‘तुम्ही चोर आहात. तुमच्यापेक्षा बसस्टँडवरचे भिकारी बरे, ते तोंड दाखवून मागतात. पुन्हा लिहू नका.’ बाबांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं, जागा चाचपली आणि खाली सही केली. ते पेटीत टाकून येताना माझं पोट भरल्यासारखं झालं होतं.

महिन्याभरानं डाकवाला दारात थांबला. “सार, आज छापलेलं नाही, हाताचं लेटर आहे.” बाबांना दिसत नसल्यामुळे त्यांची पत्रं तो ओट्यावर बसून वाचून दाखवायचा. माझ्या हाती कार्ड पडण्याआधीच त्यानं सुरुवात केली.

‘गुरुजी, मी इथे पत्ते लिहायच्या कामावर आहे. शिव्यांची पत्रं रोज येतात, त्यांची सवय आहे. घरच्यांना नमस्कार लिहिणारे तुम्ही एकटेच होतात. तो मी घरी सांगत असे. आता तुम्ही आम्हाला चोर म्हटलंत, भिकाऱ्यांहून वाईट म्हटलंत. खरंही असेल. तुमचं नाव यादीतून काढलं आहे.’

डाकवाला उगाच सायकलची घंटी पुसू लागला.

“सही माहीच हाय,” बाबा म्हणाले.

त्यांनी कोरं कार्ड मागितलं. मी ते आणलं आणि सवयीनं पेन उघडून बसले.

“दे इकडं. मी लेहतो.”

अक्षरं एवढी मोठी आली की चार ओळींतच कार्ड भरलं, शेवटची ओळ पत्त्याच्या जागेत शिरली. कार्ड त्यांनी माझ्याकडे दिलं नाही, थेट डाकवाल्याच्या हातात ठेवलं. त्यात काय होतं, मी विचारलं नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी मला एकही पत्र लिहायला सांगितलं नाही. निर्मल गावी राहणाऱ्या माझ्या आत्याचीही दोन पत्रं तशीच राहिली. घरात येणारी रद्दी मात्र हळूहळू पुरती थांबली, अगदी मला हवी होती तशी.