विहिरीकडे गेलेली बाई आणि आमचं वाचक मंडळ

पाटोद्याच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चार वाजता आमचं वाचक मंडळ भरायचं. मी त्याचा चिटणीस. अभिजात पुस्तकं आणि जुनी नाटकं वाचावीत आणि त्यांवर मतं मांडावीत, असा उद्देश मीच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिला होता. त्यातला मतं मांडण्याचा भाग आम्ही मनापासून पार पाडला. वाचण्याबद्दल बोलायचं तर, पंधरा जणांच्या मंडळात पुस्तक संपवून येणारे दोन असले तर पुष्कळ. त्या दोघांत मी क्वचितच असायचो.

अध्यक्ष तालुक्याच्या कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. बोलायला लागले की ते डोळे मिटत, त्यामुळे समोरचे पेंगतायत हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यांच्या खालोखाल मान खतं-बियाण्यांच्या दुकानदाराचा. त्याला प्रत्येक नाटकात आपली थोरली आत्या दिसायची आणि आत्या दिसली की डोळ्यांत पाणी यायचं. मी तिसरा. तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेलो, म्हणजे न वाचलेल्या पुस्तकावर पस्तीस मिनिटं बोलायची सवय असलेला माणूस.

त्या वर्षी प्राध्यापकांनी एक जुनं पंचअंकी नाटक निवडलं. नाव सांगत नाही, कारण यात चूक नाटकाची नाही. एका सरदाराच्या घरातल्या थोरल्या सुनेची गोष्ट. नवरा मोहिमेवरून परतलेला नाही. दोन दीर वतनासाठी भांडतात आणि तिच्यावर आळ घेतात. चौथ्या अंकाच्या शेवटी ती अंगावरचा एकेक दागिना काढून देवघरात ठेवते आणि मागल्या दारानं विहिरीकडे जाते. वाचनालयात त्याची एकच प्रत होती, लाल कापडाची नवी जिल्द घातलेली. ती महिनाभर घरोघर फिरली. माझ्याकडे अकरा दिवस होती. मी दुसऱ्या अंकापर्यंत पोचलो आणि म्हणालो, पुढचं तर आपल्याला पाठच आहे.

ते खरंही होतं. याच नाटकातला एक उतारा मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवला होता. ‘नायिकेच्या मृत्यूतून नाटककाराला काय सुचवायचे आहे?’ हा प्रश्न मी सहामाहीला हमखास टाकायचो. उत्तर मीच फळ्यावर लिहून दिलेलं असायचं. ज्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं त्यांना पाचपैकी पाच. एका मुलीनं लिहिलं होतं की उताऱ्यात कुणी मेलेलं दिसत नाही. तिला मी शून्य दिलं होतं.

बैठकीच्या दिवशी प्राध्यापक तासभर बोलले. विहीर हे गर्भाचं प्रतीक आहे, बुडणं म्हणजे मुळाकडे परतणं, असं त्यांनी डोळे मिटून सांगितलं. दुकानदाराची आत्याही विहिरीच्या काठावर येऊन गेली आणि त्यानं रुमाल काढला. मग मी उठलो. तिचा मृत्यू अपरिहार्य होता, असं मी म्हणालो. अपरिहार्य हा शब्द उच्चारला की सभेत जरा वजन येतं, हे मला नोकरीतच कळलं होतं. माना डोलल्या. चहा येण्याच्या बेतात होता.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सिस्टर बोलल्या. त्या दिंद्रुडकडच्या. सारा जन्म आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून काढला आणि निवृत्तीनंतर लेकीकडे पाटोद्याला राहायला आल्या. मंडळात येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. तोवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, आणि त्या बिचाऱ्या ऐकायला येतात असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

“ती मेली, हे कुठल्या पानावर हाय?” त्यांनी विचारलं.

प्राध्यापकांनी डोळे उघडले. हसून म्हणाले, काही गोष्टी ओळींच्या मधे वाचायच्या असतात. सिस्टरनी मान हलवली. म्हणाल्या, “मधे पन बघितलं सर मी. आमच्याकडं मरण झालं की तारीख, वेळ, कारण लिहावं लागायचं. त्याबिगर आमी कुनाला मेलेलं धरत न्हवतो. हितं ती विहिरीकडं गेली एवढंच हाय. त्याच्या म्होरं पुस्तकच न्हाई.”

त्यांनी पिशवीतून लाल जिल्दीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. चौथा अंक संपला होता आणि पान उलटलं की थेट कोरा पुठ्ठा. मी अनुक्रमणिका काढली. अंक पाचवा, पृष्ठ एकशे तेरा. आमची प्रत एकशे बारावर संपत होती. जिल्द घालताना शेवटची पानं गळाली असणार. त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर पुस्तक नेल्याच्या तारखांची रांग होती आणि एकाही वाचकानं परत येऊन विचारलं नव्हतं की पुढं काय झालं.

मला वाटलं होतं, आता प्राध्यापक गडबडतील. ते गडबडले नाहीत. माझ्या हातून पुस्तक घेऊन त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि म्हणाले, पाचवा अंक प्रक्षिप्त असावा, मागाहून कुणीतरी जोडलेला. नाटक खऱ्या अर्थानं इथंच संपतं. लगेच दोघातिघांनी वहीत लिहून घेतलं. मीही ते इतिवृत्तात लिहिलं, खाली सही केली. मग चहा आला.

निघताना सिस्टर मला म्हणाल्या की बीडच्या एका जुन्या ग्रंथालयात दुसरी प्रत असल्याची त्यांनी फोन करून खात्री केलीय आणि त्या मंगळवारी जाणार आहेत. मीही येतो म्हणालो. मंडळाच्या वतीनं, असंही वर जोडलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. ती बाई मेलेली निघावी म्हणून मी चाललो होतो. तीस वर्षांचे गुण मी कुणाच्या जिवावर वाटले होते ते मला माहीत होतं.

ग्रंथालयातली प्रत पिवळी पडलेली, पण पूर्ण होती. आम्ही लांब टेबलाशी शेजारी बसलो. सिस्टर चष्मा लावून ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. मी त्यांच्या बोटाच्या पुढं डोळे पळवत होतो. पाचव्या अंकात सकाळ होते. विहिरीकडे गेलेली सून कळशी भरून मागल्या दारानं परत येते. आत दोघं दीर तिच्या नावानं गळे काढत तिचेच दागिने वाटून घेताना तिला दिसतात. ती कळशी खाली ठेवते, दागिने पदरात गोळा करते, चार वाक्यं सुनावते आणि माहेरी निघून जाते. सिस्टर एकदाच, नाकातून हसल्या.

मी मोबाईलवर त्या पानांचे फोटो काढले. परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा ढाब्यावर चहा घेतला. मी विचारलं, कसा वाटला शेवट? मनात होतं, त्या आता जिंकल्यासारखं बोलतील.

“पाचवा अंक काई तितका जमला न्हाई,” त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या. “घाईत उरकलाय. असले दीर चार वाक्यांत गप बसतेत व्हय? चौथा लई चांगला हाय. पर बाई जिती हाय, ते हाय.”

आमच्या मंडळात वर्षभरात कुणी दिलेलं हे पहिलं मत होतं. ते ढाब्यावर दिलं गेलं आणि ऐकायला मी एकटा होतो.

पुढच्या बैठकीला मी पाचव्या अंकाच्या झेरॉक्स घेऊन गेलो. प्राध्यापकांनी आपली प्रत हातात न घेता टेबलावर राहू दिली. पाठभेदांचा प्रश्न किचकट असतो, एवढंच म्हणाले. दुकानदार मात्र खरोखर दुखावला. त्यानं बिचाऱ्यानं वाचून पाहिलं आणि म्हणाला, मागच्या महिन्यात आपण उगाच रडलो का? मग कागदाची घडी खिशात घालत त्यानंच तोडगा काढला, की त्याला आपलं जुनंच नाटक पसंत आहे. तिघांनी त्याला दुजोरा दिला. त्यानंतर मंडळानं नाटकं बंद केली आणि कविता घ्यायला सुरुवात केली. कवितेचं अर्धं पान गळालं तरी आमच्यात कुणाला पत्ता लागला नसता.

दिवाळीत प्राध्यापकांचा विहिरीवरचा लेख जिल्ह्याच्या एका दिवाळी अंकात छापून आला. नायिका त्यात बुडालेलीच होती. खाली टीप होती, की तिच्या मृत्यूची अपरिहार्यता लक्षात आणून दिल्याबद्दल आमच्या चिटणिसांचे नावानिशी आभार. मी संपादकांना पत्र लिहायला बसलो, मायना लिहिला आणि उठलो. माझं नाव पहिल्यांदाच कुठंतरी छापलं होतं.

मंडळाला दोन वर्षं झाली तेव्हा प्राध्यापकांचा सत्कार ठरला. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘ग्रंथांच्या अंतरंगात शिरणारे व्यासंगी वाचक’ असं मी लिहिलं आणि माइकपुढं उभं राहून खणखणीत आवाजात वाचूनही दाखवलं. शाल, नारळ, टाळ्या, फोटो. सिस्टर दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

बाहेर चपला घालताना त्यांनी मला विचारलं, “मानपत्र कुनी लिवलं, सर?”

मी म्हणालो, प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांनी.

त्या बरं म्हणाल्या आणि लेकीच्या घराकडे चालू लागल्या.