फुग्यात उतरलेला धबधबा

देवी ऐकत नाही, असं मी पहिल्यांदा म्हटलं ते माझे स्वतःचे कान गेल्यानंतर. त्याआधी असा विचारही मनाला शिवला नव्हता. आमचं घराणं यवतमाळचं, कुलदेवता माहूरची रेणुका. लहानपणापासून तिची पदं म्हणत आले, लग्नानंतर आयर्लंडला आले तेव्हाही तिचा छोटा टाक पर्समध्ये, पासपोर्टच्या शेजारी ठेवून आणला. इथे स्वोर्ड्स या गावात आमच्या ओळखीची मराठी घरं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी भजनाला जमतात. पेटी मी वाजवायचे आणि पहिलं पद देवीचं, हेही ठरलेलं. मी म्हणताना ती समोर बसून ऐकते, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती.

मग वसंत ऋतूतल्या एका सकाळी उठले तर डाव्या कानात नुसतं घोंगावत होतं. सर्दी असेल म्हणून दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत घोंगावणंही थांबलं आणि मागे काहीच उरलं नाही. उजवा कान लहानपणीच्या दुखण्याने आधीच अधू होता, माझी सगळी भिस्त या डाव्यावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कानात इंजेक्शनं दिली. काही उपयोग झाला नाही. असं का झालं, हे त्यांनाही नेमकं सांगता येईना. शेवटी त्यांनी कॉक्लियर इम्प्लांटचा पर्याय मांडला. ऑपरेशन करून यंत्राचा एक भाग कानाच्या आत बसवायचा, दुसरा कानामागे बाहेरून लावायचा. पण त्यात जे काही थोडं उरलंसुरलं ऐकू येतं तेही जाण्याची शक्यता होती, आणि यंत्रातून येणारा आवाज सुरुवातीला माणसाचा वाटणार नाही, असं त्यांनी स्पष्टपणे लिहून दाखवलं. मी घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसले आणि म्हटलं, माझा कान मला परत दे, मला यंत्र नको. रोज तेच. दिवा लावायचा आणि तेच मागायचं. घंटा वाजवणं मात्र मी सोडून दिलं होतं.

सगळ्यात अवघड झालं ते माझ्या मुलीशी, ओवीशी बोलणं. ती दहा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर येणार ते इंग्रजीत, तेही अस्सल इथल्या पोरांच्या ढंगात. आधी मला त्याची गंमत वाटायची. लहानपणापासून अधू कानामुळे मला समोरच्याचे ओठ बघायची सवय आहे, त्यामुळे माझा नवरा मंदार काय म्हणतो हे मला बरंचसं कळायचं, व्हिडिओ कॉलवर माझ्या आईचं वऱ्हाडीही कळायचं. पण ओवीचं इंग्रजी ओठांवरून मला अजिबात वाचता येईना. मी म्हणायचे, ‘काय? परत सांग.’ ती परत सांगायची. तिसऱ्यांदा विचारलं की खांदे उडवून ‘इट्स ग्रँड, मॅम’ म्हणायची आणि निघून जायची. इथली पोरं आईला मॅम म्हणतात, आणि ‘ग्रँड’ म्हणजे ठीक आहे, राहू दे. तेवढे तीन शब्द मात्र मला पाठ झाले होते. मंदार तिला मराठीत बोल म्हणायचा. ती लाजायची. तिच्या उच्चारांना एकदा सुट्टीत भारतात सगळे हसले होते, तेव्हापासून तिने तोंडच मिटलं होतं.

धबधब्यांची कल्पना मंदारची. मी घराबाहेर पडेनाशी झाले होते. एका शनिवारी तो समोर उभा राहिला आणि सावकाश, शब्द तोडत म्हणाला, ‘या देशातले सगळ्यात उंच धबधबे बघून येऊ. बघायला कान लागत नाहीत.’ त्याचा हेतू चांगला होता, म्हणून मी गेले. पहिल्यांदा आम्ही लिट्रिमच्या बाजूला ग्लेनकारला गेलो. तिथला छोटा धबधबा छान आहे, पण मंदारला दाखवायचा होता तो जवळच्या कड्यावरचा. कुणी म्हणतं तोच देशातला सगळ्यात उंच. पाऊस झाला तरच तो वाहतो आणि वारा जोराचा असला तर आपल्या नाणेघाटासारखं पाणी उलटं वर उडतं. आम्ही गेलो तेव्हा आठवडाभर ऊन होतं. कड्यावर पाण्याच्या जागी नुसता काळपट ओघळ दिसत होता. नंतर एकदा वॉटरफर्डचा मॅहन धबधबा पाहिला. त्याला पाणी भरपूर होतं, पण तिथे मला फार त्रास झाला. एवढं पाणी कोसळतंय आणि आवाज नाही, म्हणजे कुणी टीव्हीचा आवाज बंद करून ठेवावा तसं. शेजारी मेंढ्या तोंड उघडून ओरडत होत्या, तेही तसंच. मी मंदारला म्हटलं, ‘पुरे. आता मला कुठे नेऊ नकोस.’

तरीही सप्टेंबरमध्ये तो पुन्हा घेऊन गेला, या वेळी विकलोमधल्या पॉवर्सकोर्टच्या धबधब्याला. नवरात्र तोंडावर आलं होतं. हॉस्पिटलला ऑपरेशनचं हो किंवा नाही कळवायचं राहिलं होतं आणि मी ते टाळत होते. आधीच्या काही दिवसांत पाऊस चांगलाच कोसळला होता. गाडीतून उतरलो तर समोर हिरवंगार मैदान, उंचच उंच झाडं आणि त्यांच्या मागे काळ्या कड्यावरून आलेलं ते पांढरं पाणी. लांबूनही मान वर करावी लागत होती. मंदार ओवीसाठी हॉट चॉकलेट आणायला रांगेत उभा राहिला, ओवी त्याच्याजवळ थांबली आणि मी एकटीच पुढे चालत गेले. वाटेत एका लाकडी टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. केक होता, फांदीला पिवळे फुगे बांधले होते आणि तिथली निम्मी माणसं हातांनी बोलत होती. बोटं भराभर हलत होती, कुणीतरी हातानेच काहीतरी विनोद केला आणि सगळे पोट धरून हसले. मी क्षणभर थांबून बघितलं आणि नजर वळवली. आपल्याला त्यांच्यातलं व्हायचं नाही, असं काहीतरी मनात आलं.

पाण्याच्या अलीकडे मोठमोठे दगड आहेत, तिथे मी उभी राहिले. थोड्या वेळाने कुणीतरी माझी बाही जोरात ओढली. मी दचकून वळले. ओवी होती, चेहरा लाल झालेला, डोळ्यांत पाणी. ती किती वेळ मागून हाका मारत होती कोण जाणे. ती इंग्रजीत भराभरा बोलायला लागली. मला एक शब्द कळेना. मी म्हटलं, ‘हळू, ओवी, मला कळत नाहीये.’ ती आणखी भराभरा बोलली. मी किती मोठ्याने ओरडले ते मला ऐकू आलं नाही, पण आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं त्यावरून कळलं. ओवीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि एका दगडावर जाऊन बसली. मला तिच्यामागे जायचंही बळ उरलं नव्हतं. मी त्या पाण्याकडे बघून मनातल्या मनात म्हटलं, आई, मी थकले. आता तू माझं ऐकतेस की नाही, हेही विचारणार नाही. तुला हवं ते कर. त्या दिवशी पहिल्यांदाच मी कान मागितला नाही. काहीच मागितलं नाही.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण फार नसावा. माझ्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. साठी ओलांडलेली, पांढरे आखूड केस, निळा रेनकोट. त्या वाढदिवसाच्या टेबलावरची. तिने लांबून आमचं सगळं पाहिलं असावं. तिने स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. मग माझ्या कानाकडे बोट करून भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. तिच्या हातात एक पिवळा फुगा होता. तिने माझे दोन्ही हात घेतले, फुगा त्यांच्यामध्ये ठेवला, माझी बोटं जरा सैल केली, घट्ट धरू नकोस असं खुणेने सांगितलं आणि माझे खांदे धरून मला धबधब्याकडे वळवलं.

आधी मला वाटलं, माझेच हात थरथरताहेत. मग लक्षात आलं की थरथर फुग्याच्या आतून येतेय. अगदी बारीक, मांजर मांडीवर गुरगुरतं तशी. ती बाई मला हळूहळू पुढे नेत राहिली. चेहऱ्यावर तुषार येऊ लागले आणि फुग्यातली थरथर वाढत गेली. ती तळव्यांतून मनगटात, कोपरात, तिथून छातीच्या पिंजऱ्यात उतरली. मी वर पाहिलं. लांबून एकसंध दिसणारं ते पाणी तसं पडत नव्हतं. कड्याच्या अगदी टोकापासून त्याचे लोटच्या लोट सुटत होते, मधल्या खडकावर आपटून फुटत होते, धुरासारखे पसरत होते आणि पुन्हा एकत्र होऊन खाली झेपावत होते. खाली एक मोठा लोट आदळला की माझ्या तळव्यांत एक मोठा ठोका यायचा. डोळे वर आणि हातांत आवाज. लहानपणी माहूरला गोंधळाच्या वेळी मी संबळाच्या अगदी शेजारी उभी राहायचे. तेव्हा तो कानांपेक्षा आधी पोटात ऐकू यायचा. तोच नाद होता हा. या परक्या मुलखात, या काळ्या कातळावरून, माझी रेणुकाच वाजत होती आणि माझ्या येण्याच्या कितीतरी आधीपासून वाजत असणार. मी ऐकू शकते की नाही याने तिला काही फरक पडला नव्हता. आणि मी इतके महिने समजत होते की ती गप्प आहे.

मी रडत होते की तुषारांनी चेहरा भिजला होता, मला माहीत नाही. ती एवढी मोठी आणि मी एवढीशी. पण तसं एवढंसं असण्याची मला भीती वाटली नाही. हात जोडावेत असं वाटलं, पण हातांत फुगा होता, म्हणून नुसतं डोकं त्याला टेकवलं.

डोकं वर केलं तर ओवी समोर उभी होती. त्या बाईने तिला हाताने बोलावून घेतलं होतं. बाईने आधी माझ्या डोळ्यांकडे बोट केलं, मग ओवीच्या ओठांकडे आणि मग हाताचा पंजा खाली दाबत सावकाश, सावकाश असं सांगितलं. नंतर फुग्याला स्वतःचे ओठ लावून दाखवले. ओवीला एका क्षणात कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, फुग्याला ओठ टेकवले आणि काहीतरी म्हणाली. माझ्या तळव्यांत, पाण्याच्या त्या सगळ्या गडगडाटात, एक निराळी, लहानशी थरथर आली. मग तिने तोंड बाजूला घेतलं आणि तेच पुन्हा म्हणाली, मला ओठ दिसावेत म्हणून.

‘आई.’

ती मला कधीच आई म्हणत नसे, मॅमच म्हणायची. मी काही बोलायच्या आत तिने ओठ पुन्हा टेकवले आणि मग शब्द शोधत शोधत, एकेक करत म्हणाली, ‘आई, मी घाबरली. मी हाक मारली. तू बघत नाही.’

मला सगळं कळलं. एकही शब्द परत विचारावा लागला नाही. मी म्हटलं, ‘मी पण घाबरले होते गं.’ आणि तिला जवळ घेतलं, तेव्हा फुगा आमच्या दोघींच्या मध्ये दबून सटकला आणि वाऱ्यावर पाण्याच्या दिशेने गेला. ओवी हसली. ती बाईही हसली. मी तिला हात जोडून नमस्कार केला, तो तिला बरोबर समजला. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि ती केक कापायला आपल्या माणसांत परत गेली. मंदार तीन कप सांभाळत आला तेव्हा आम्ही दोघी भिजून चिंब झालो होतो. ओवी त्याला सांगायला लागली, माझ्याकडे तोंड करून, अर्धं मराठीत. त्याने कप दगडावर ठेवले. त्याचे डोळे भरले होते.

मंदार देवाधर्माचा फारसा नाही. नंतर तो म्हणाला की कर्णबधिर लोक फुग्याचा असा उपयोग करतात, त्यात विज्ञान आहे. असेलच. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या दिवशीच तिथे तो वाढदिवस का होता, आणि मी मागणं सोडलं त्यानंतरच ती बाई का उठून आली, याचं उत्तर मला नको आहे. आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, ‘बाई, तिले सारं समजते.’

सोमवारी मी हॉस्पिटलला होकार कळवला. दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी यंत्र सुरू केलं तेव्हा सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे आले, आणि खरं सांगते, मी घरी येऊन रडले. पण या वेळी देवीशी भांडले नाही. हळूहळू, रोज थोडं थोडं, आवाजांना माणसं मिळत गेली. पेटीचे सूर अजून मला पूर्वीसारखे लागत नाहीत, कदाचित लागणारही नाहीत. तरीही भजनाला जाते. ओवी शेजारी बसून टाळ धरते, तिचे उच्चार चुकतात आणि आता तिला कुणी हसलं तरी ती थांबत नाही.

रोज संध्याकाळी दिवा लावते. पद म्हणून झालं की यंत्र कानामागून काढून देव्हाऱ्याच्या कडेला ठेवते. सगळं एकदम शांत होतं. ज्या शांततेला मी इतकी भ्याले, तिच्यात आता थोडा वेळ स्वतःहून जाऊन बसते. आई, तू जे दिलंस ते माझं आणि जे नेलंस ते तुझं, एवढंच तिला सांगते. मग तळवे उताणे करून मांडीवर ठेवते आणि काही न मागता तिच्यासमोर बसून राहते.