लग्नाच्या चालीविरुद्ध माझी तक्रार

अलीकडे बोलपटांतील संगीतावरून वाद घालणारी मंडळी जागोजागी भेटतात. अमुक चित्रपटाचे संगीत आजवरचे सर्वश्रेष्ठ, असे एक जण ठासून सांगतो. दुसरा त्याहून मोठ्या आवाजात दुसऱ्या चित्रपटाचे नाव घेतो. आपण एकंदर किती ऐकलेत, असे विचारले की मी काही असभ्य बोललो असावे, अशा नजरेने दोघेही माझ्याकडे पाहतात. या बेफिकिरीचा मला मनस्वी संताप येतो. मात्र असा संताप करण्याचा माझा अधिकार पूर्णपणे निर्दोष नाही. तो का नाही, हे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

बोलपट येण्याच्या चार-पाच वर्षे आधीची ही हकीकत आहे. दिवाणी न्यायालयातील कारकुनी संपवून मी पौडास राहावयास आलो होतो आणि मामलेदार कचेरीसमोरच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देत होतो. माझे स्वतःचे अर्जही त्यांत असत. रस्त्यावरची खडी, टपालाचा उशीर, बाजारातील खोटी मापे यांपैकी कोणताही विषय मी लेखी तक्रारीवाचून सोडला नव्हता, आणि एकदा पाठवलेला कागद कधी मागे घेतला नव्हता.

भाताची कापणी उरकल्यावर नदीलगतच्या मोकळ्या खाचरात एका फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राहिला. त्या काळी चित्रे मुकी असत. संगीत हे चित्रफितीचा भाग नव्हते. पडद्याजवळ बसलेला वादक ते त्या त्या वेळी वाजवी. त्यामुळे एकच चित्रपट पुण्यात एका प्रकारे ऐकू येई आणि पौडास दुसऱ्या. या तंबूत एकटे पेटीमास्तर होते. पन्नाशीचे, सडपातळ, मानेभोवती मफलर गुंडाळलेले. सोबत तबलासुद्धा नव्हता.

पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. पुढच्या बाजूस सतरंज्या आणि थोडी बाकडी. पडद्याच्या मागे निम्म्या दरात जमिनीवर बसता येई. पाणी शिंपडून पडदा ओला ठेवीत, म्हणजे चित्र मागूनही दिसे, पण उलटे: उजव्या हातातली तलवार डाव्या हातात, आणि मधूनमधून येणारी अक्षरेही उलटी. पुढे बसणाऱ्यांपैकी कोणी शिकलेला माणूस ती अक्षरे मोठ्याने वाचून दाखवी. पहिल्या दिवशी ते काम मीच केले. माझा आवाज मागपर्यंत पोहोचत असणार, हे मी गृहीत धरले होते.

चित्रपटाची कथा साधी होती. एका किल्लेदाराचे लग्न होते, लगेच किल्ल्याला वेढा पडतो. कुमक मागण्यासाठी त्याची पत्नी खोटी दाढी लावून, शिपायाच्या वेषात शत्रूच्या छावणीतून निसटते. कुमक घेऊन ती परतते तेव्हा किल्लेदार धारातीर्थी पडलेला असतो. हाच चित्रपट मी त्याच वर्षी पुण्याच्या एका नाट्यगृहात पाहिला होता. तेथे पेटी, तबला, सारंगी आणि फिडल असा संच होता आणि प्रसंग पाहून राग निवडलेला होता.

बाजाराच्या दिवशी ओट्यावर विषय निघाला. माले गावचे एक शेतकरी, पाटील, सातबाऱ्याच्या कामासाठी माझ्याकडे आले होते. मोठ्या घरचे, भातजमीन बरीच, आणि जिभेला हाड नाही. मी पुण्यातील वादनाची प्रशंसा करीत होतो. ते मध्येच म्हणाले, "आमच्या ह्या तंबूत वाजतंय तसं कुटंच वाजत नसंल, भाऊसायब. हे समद्यांत भारी."

"तुम्ही पुण्यातले ऐकले आहे काय, पाटील?"

"न्हाई."

"मग तुलना कशाशी करता?"

"घरची भाकर ग्वाड म्हनाया गावातल्या समद्या चुली हिंडाव्या लागत्यात व्हय?"

ओट्यावर हशा पिकला. मी तो शांत होऊ दिला आणि वादाचे दोन नियम सांगितले. जे ऐकले नाही त्याविषयी कोणी मत देऊ नये, हा पहिला. प्रसंगाशी विसंगत वाजवणे हा दोष धरावा, हा दुसरा. मग मी मुद्दा मांडला. आरंभी किल्लेदाराच्या लग्नात जी चाल वाजते तीच चाल, दाढीवाला शिपाई छावणीतून चालला असताना मास्तर वाजवतात. तेथे लग्न कोणाचे आहे?

"शिपायाचंच आसंल की! छावनीत एकादी पोरगी बगितली आसंल त्यानं."

"आणि किल्लेदाराच्या प्रेतापाशी पुन्हा तीच चाल! याला संगीत म्हणावयाचे, की आळस?"

आता पाटील हसायचे थांबले. "तसं न्हाई, भाऊसायब. आमी घरची धा-बारा मानसं मागं बसतो. मागनं बगितलं म्हंजी त्येचं असं हाय..."

"मागून पाहिलेल्याची साक्ष ग्राह्य नाही," मी म्हणालो. "ज्याने चित्रच उलटे पाहिले त्याने बोलू नये."

"ऐकलं तर सरळ ना? का गाणंबी उलटं ऐकू येतंय?"

पुन्हा हशा झाला आणि या खेपेस तो शांत झाला नाही. मी घरी जाऊन दिवेलागणीपर्यंत तंबूच्या मालकास पत्र लिहिले. त्यात चार कलमे होती. तिसऱ्यात, वीराच्या शवाजवळ लग्नाची चाल वाजवणे हे सभ्यतेस सोडून असून प्रेक्षकांच्या भावना दुखावणारे आहे, असे म्हटले होते. चौथ्यात सात दिवसांच्या आत लेखी खुलासा मागितला होता. तळाशी, सवयीने, एक ओळ जोडली: प्रत माहितीसाठी कचेरीस.

तिसऱ्या दिवशी पाटील ओट्याशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

"झालं समाधान? शेटनं मास्तरला काडलं. उद्या सकाळच्या गाडीनं निगालाय तो."

"मी काढा असे लिहिलेले नाही. चौथे कलम वाचा. खुलासा मागितला आहे."

"ते शेटला सांगा. मला कशाला कलमं दावता?"

मी तसाच तंबूत गेलो. मालक दोर आवळून घेत होते. मी संतापलो होतो आणि तो संताप त्यांच्यावर आहे असे मला वाटत होते. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "साहेब, माझ्या परवान्याची मुदत शनिवारी संपते. वाढवून मागितली, तर कचेरीत परवान्याच्या कागदावर तुमचा कागद टाचलेला. खुलासा मला लिहिता येत नाही. मास्तरला काढता येतं, म्हणून काढला. आता ग्रामोफोन लावतो. ग्रामोफोनविरुद्ध कोण तक्रार करणार?"

बाहेर पाटील थांबले होते. म्हणाले, "आज सांजच्या खेळाला मागं बसा. मग खुशाल घरी जा."

मी मागे बसलो. माझ्या एका बाजूस पाटलांच्या घरच्या बायका, दुसऱ्या बाजूस मेंढ्यांचा तळ जवळच असलेली धनगर मंडळी. खेळ सुरू झाला. पलीकडे कोणीतरी अक्षरे वाचत होते. ओल्या कापडातून, गर्दीतून आणि ग्रामोफोनच्या खरखरीतून एकही शब्द अलीकडे येत नव्हता. माझ्या शेजारी एक वृद्ध धनगरीण होती. पडद्यावर अक्षरे आली तशी तिने मला कोपराने ढोसले.

"तुमी शिकल्यालं दिसताय. वाचा की, काय लिवलंय?"

मी प्रयत्न केला. उलट्या अक्षरांतील पहिला शब्द लागतो न लागतो तोच अक्षरे गेली. पुढच्या वेळीही तेच झाले. चाळीस वर्षे कागद वाचण्यात घालवलेला मी, त्या तंबूत एक वाक्य वाचू शकलो नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि नंतर काही विचारले नाही.

मग दाढीवाला शिपाई छावणीत आला. ग्रामोफोनवर त्या वेळी कसलासा झटपट बँड चालला होता.

"ह्यो कोन रं?" मागून आवाज आला.

"फितूर हाय फितूर! बग कसा लपत चाललाय!"

"धरा त्याला! मारा भडव्याला!"

पहारेकऱ्याने भाला उचलला तेव्हा मागची अर्धी गर्दी आनंदाने ओरडली. आपल्याच किल्लेदारणीला पकडून देण्यासाठी ते ओरडत होते. वृद्ध धनगरीण अर्धवट उठून सगळ्यांवर कडाडली, "गप बसा, मुडद्यांनो! ती बाई हाय, किल्लेदाराची बाई! परवा तिची चाल वाजली तवा कसं वळखलंत? आज चाल न्हाई तर तिला शिव्या देता?" मग खाली बसून, बहुधा मलाच उद्देशून, म्हणाली, "मास्तर कुटं गेला कुनास ठावं. त्यो व्हता तवर समदं कळत व्हतं."

पाटलांनी माझ्याकडे पाहिले नाही. हे त्यांचे सौजन्य मी विसरलेलो नाही.

ज्या चालीला मी आळस ठरवले होते, ती त्या माणसाने अक्षरांच्या जागी योजली होती. लग्नात ऐकलेली चाल शिपायाच्या अंगावर वाजली की मागच्यांना वेषांतर कळे. प्रेताजवळ वाजली की कोण कोणासाठी रडते आहे ते कळे. पुण्याच्या नाट्यगृहात पडद्यामागे कोणी बसत नव्हते. तेथील चार वादकांना ही विवंचना नव्हती. आणि जे हे मला सांगू शकले असते त्यांची साक्ष मी ओट्यावरच नाकारली होती.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्यापूर्वी मी दाराशी होतो. कारकुनाने माझा कागद दोनदा वाचला.

"तक्रार मागे घेण्याचा अर्ज? भाऊसाहेब, आपण?"

"खाली सही आहे. शिक्का मारा."

"कारण काय लिहू?"

"लिहिलेच आहे. तक्रार अपुऱ्या माहितीवर केली होती."

त्याला शिक्का सापडेपर्यंत बराच वेळ गेला. तो मुद्दाम शोधत नसावा, असे मी आज मानतो. शिक्का असलेली प्रत पाहून मालकांनी परवान्यापुरती खात्री करून घेतली आणि म्हणाले, "मास्तर येत असेल तर माझी ना नाही. पण तो गेला."

बैलगाडीला निघून तास झाला होता. मी चालू लागलो. पाटील, न बोलावता, बरोबर आले. वाटेवरच्या कासार आंबोलीत विहिरीपाशी बैल पाणी पीत होते आणि मास्तर जोत्यावर पेटी मांडीशी घेऊन बसले होते. मी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, परत केली.

"हा कागद शेटजींसाठी झाला. माझ्यासाठी काय?"

"मी आपली क्षमा मागतो."

"क्षमा पुढच्या गावाला दाखवता येत नाही, साहेब. तुमची तक्रार शेटजी चार जणांना सांगणार. मला लेखी द्या. आजवरच्या सर्व वादनांत सर्वोत्तम, असं लिहा."

"तसे लिहिता येणार नाही."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "अवं भाऊसायब, लिवा की! तुमच्या बापाचं काय जातंय?"

"मी सर्व ऐकलेली नाहीत. ऐकलेली दोनच."

"मग दोघांत सर्वोत्तम लिहा," मास्तर म्हणाले. ते चिडले होते, पण कागद कसा मागावा हे त्यांना माझ्याहून चांगले कळत होते.

"तेही आत्ता नाही. आपले वादन मी पुढे बसून ऐकले. ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्यात बसून ऐकलेले नाही. न ऐकता लिहिले, तर हा कागदही पहिल्यासारखाच होईल."

मास्तर गाडीवानाकडे वळून म्हणाले, "माझी वळकटी उतरव."

त्या संध्याकाळी मी पुन्हा मागे बसलो. शिपाई छावणीत आला आणि पेटीवर लग्नाची चाल सुरू झाली. पण लग्नातल्यापेक्षा संथ, भाता जणू श्वास रोखून धरलेला. माझ्या शेजारची वृद्धा हळूच म्हणाली, "आली गं बाई." कोणी ओरडले नाही. पहारेकऱ्याने भाला उचलला तेव्हा कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, तेवढेच. प्रेताजवळ मास्तरांनी त्या चालीची पहिली ओळ वाजवली आणि दुसरी वाजवली नाही. पुढे बसून ऐकले तेव्हा हे माझ्या ध्यानात आले नव्हते. संतापलेल्या माणसाला पहिली ओळ पुरते.

सकाळी ओट्यावर मी दाखला लिहिला: हा चित्रपट मी दोन ठिकाणी ऐकला असून, त्या दोहोंत पौड येथील पेटीवादन अधिक चांगले, अधिक अर्थपूर्ण आणि प्रेक्षकांस अधिक उपयोगी होते, असे माझे मत आहे, पूर्वी दिलेले विरुद्ध मत चुकीचे होते.

"'लई' घाला की," पाटील म्हणाले. "लई अधिक चांगलं."

"ते व्याकरणात बसत नाही."

"मग राहू द्या. साक्षीदार म्हनून माजी सई घ्या. मागं बसनाऱ्याची चालती न्हवं आता?"

मी त्यांना टाक दिला. त्यांनी माझ्या सहीपेक्षा मोठी सही केली. मास्तरांनी दाखला वाचला, 'दोहोंत' या शब्दावर बोट ठेवले, आणि तो पेटीच्या झाकणाखाली सरकवला. शनिवारी परवान्याला मुदतवाढ मिळाली. त्यानंतरच्या आठवड्यात तंबू पुढच्या जत्रेला गेला, तेव्हा गाडीवर दोरांच्या वेटोळ्यांशेजारी पेटी होती आणि तिला टेकून मास्तर बसले होते.