भिवाचा खांदा

आमच्या वाडीतल्या चिमाआत्याने आयुष्यात कधी काही सांडलं नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. तिच्या या गुणापायी लहानपणी तिच्या पडवीत ताकाचा पेला तोंडाला लावायची आमची छाती होत नसे. लग्न होऊन गेली ती वर्षाच्या आत माहेरी परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नव्हती. पुढे भाऊ वारला, भाचा दीपक मुंबईला चिकटला, आणि लांज्यापासून बऱ्याच आत असलेल्या त्या कौलारू घरात आत्या एकटी उरली. म्हणजे भिवा येईपर्यंत.

भिवा परग्रहावरचा. ती मंडळी आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, उतरली तेव्हा गावाला वाटलं मोबाईलच्या टॉवरवाले आले, आणि निम्मा गाव रेंज कधी येणार ते विचारायला वर गेला. रेंज आली नाही, मंडळी मात्र राहिली. काहींची सोय सरकारने अलोऱ्याच्या कॉलनीत केली, उरलेल्यांना ज्याच्याकडे खोली रिकामी त्याच्याकडे धाडलं. आत्याकडे तर घरच रिकामं होतं. तिच्या वाट्याला आलेल्याचं खरं नाव कुकरच्या शिट्टीसारखं ऐकू यायचं. ते घेतलं की शेजारच्या गुणवंतीकाकी गॅस बंद करायला धावत. आत्याकडे पूर्वी भिवा नावाचा बैल होता. ते नाव मोकळंच पडलं होतं, तिने ते याला दिलं.

दिसायला म्हणाल तर भिजवलेल्या साबुदाण्याचं पोतं उभं करावं तसा. मान नाही, आणि हात लागेल तेव्हा लागेल तिथून काढायचा. गावाला त्याचं काही वाटलं नाही. तो चहा घेत नाही एवढंच काय ते लोकांना खटकलं.

आत्याने त्याला दुसऱ्याच दिवशी पाणी भरायला लावलं. विहीर खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगाला, आणि वर यायला चिऱ्याच्या वेड्यावाकड्या पायऱ्या. पहिली कळशी घेऊन तो डुलत डुलत वर पोचला तेव्हा ती अर्धी झाली होती.

"मेल्या, सांडलंस!" आत्या कडाडली. "पानी काय तुझ्या बापाशीनं ठेवलान हितं?"

त्याला आलेला पहिला मराठी शब्द म्हणजे "सांडलं". थेंब पडला की तो थांबायचा, खाली बघायचा आणि अपराध्यासारखा म्हणायचा, "सांडलं." शिमगा येईपर्यंत आत्याने त्याला असा काही तयार केला, की कळशीतल्या पाण्यावर सुरकुती उठत नसे.

आता शिमग्याचं. आमच्या वाडीची रीत अशी, की प्रत्येक घराने देवीच्या पालखीला एक खांदा द्यायचा. ज्याचा खांदा त्याच्या अंगणात पालखी बसते. खांदा नसेल तर पालखी बांधावरून पुढे जाते, आणि त्या घराने लांबूनच हात जोडायचे. दीपक गेल्या वर्षी आला नाही. तेव्हा आमचे मानकरी आप्पा यांनी सांभाळून घेतलं, पण बजावलंही, की पुन्हा असं चालायचं नाही. यंदाही दीपकचा फोन आला: रजा नाही. आत्या नुसतं अंगण सारवत बसली. सारवलेलं अंगण पुन्हा सारवताना मी तिला पाहिलं आणि मला दीपकचा असा संताप आला की विचारू नका.

देवळात बैठक बसली तेव्हा आत्या भिवाला घेऊन तिथे उभी राहिली. "माझ्या घरचा खांदा," ती म्हणाली.

आप्पांनी भिवाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चिमे, तो कुठला का असंना. पन ह्याला खांदा हाय कुठं?"

यावर मात्र खरी चर्चा पेटली. काशीराम म्हणाला, खांदा म्हणजे जिथून हात निघतो ती जागा. लगेच भिवाने सौजन्य म्हणून पाठीतून, पोटातून आणि गुडघ्यातून एकेक हात काढून दाखवला, त्यामुळे गोंधळ वाढला. मी म्हटलं, हरिश्चंद्रकाकांचा खांदा आखडून हात वर जात नाही, तरी त्यांचा मान आहेच ना! हरिश्चंद्रकाका माझ्याशी अजून बोलत नाहीत. शेवटी आत्माराम शिंप्याला बोलावलं. त्याने भिवाभोवती टेप फिरवली, जरा मागे सरून बघितलं, आणि खडूने एक रेघ मारली.

"शर्ट शिवायचा झाला तर बाही मी हितं लावीन."

"मंग हितंच," आप्पा म्हणाले, आणि खांदा मंजूर झाला.

पालखी देवळातून निघाली. ढोल घुमला, सनई लागली, आणि चौघांनी पालखी नाचवायला घेतली. पालखी तसूभर हलेना. काशीरामने जोर केला तेव्हा त्याचेच पाय जमिनीवरून सुटले आणि तो दांडीला लोंबकळला. बाकीचे दोघेही लोंबकळले. खडूच्या रेघेवर दांडी घेऊन भिवा खांबासारखा उभा. ढोलवाले थबकले.

"देवी हालत नाय," कुणीतरी हळूच म्हणालं.

आप्पांचा चेहरा उतरला. "रुसली. परत देवळात न्या." म्हणजे आत्याचं अंगण गेलं. यंदाचं आणि कायमचंच. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या.

तेवढ्यात आत्या पुढे झाली. भिवाकडे बघत होती. तिला कळलं होतं. देवी रुसलीच नव्हती. त्याने ती भरलेल्या कळशीसारखी धरली होती.

"भिवा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "आज सांडू दे रं."

तो हलला नाही. त्याचा विश्वास बसेना.

"सांडू दे म्हंतंय ना! सगळा सांडू दे!"

आणि मग भिवा सुटला. सगळं अंग असं थरथरलं की पालखी उसळली, काशीराम हवेत आणि आप्पांची टोपी फणसावर. असली पालखी वाडीने पाहिली नव्हती. ढोलवाल्यांना तिच्यामागे पळत पळत वाजवावं लागलं. बांध ओलांडून पालखी थेट आत्याच्या अंगणात येऊन बसली.

अंगणाच्या एका कोपऱ्यात कशीबशी रेंज लागते, तिथून मी दीपकला व्हिडिओ कॉल लावून दिला, दर्शनापुरता. "आत्या, खांदा कोनी दिलान?" त्याने विचारलं.

"घरातल्यानं," आत्या म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन ओटी भरायला वळली.

देवीपुढे तिने ओंजळ भरून घेतली. तांदूळ ओंजळीतून निसटून सारवलेल्या अंगणात पडले. भिवा लगेच वाकला, दाण्यांकडे बघितलं आणि तिच्यापाशी सरकून अगदी हळू म्हणाला, "सांडलं."

"व्हय रं बाबा," आत्या म्हणाली आणि डोळे पुसायला उरलेली ओंजळही तिने सोडून दिली.