निघताना म्हटलेलं ‘या’

आधीच सांगते, मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. भूत, करणी, नजर… कुणी विषय काढला की पहिली हसणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय.

गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी आणि धाकटा भाऊ संकेत, दोघंच. तो ओझरला नोकरीला होता. गेल्या वर्षी त्याच्या शरीरानं रक्त तयार करणंच सोडलं. दर पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात जाऊन रक्त चढवायचं. माझी अस्थिमज्जा त्याला जुळली होती. फक्त दोन महिने तग धरायचा होता, मग ट्रान्सप्लांट.

तोवर वेळ जावा म्हणून आम्ही लॅपटॉपवर व्हॅम्पायरचे सिनेमे बघायचो. निवड त्याची. “मी पण आता त्यांच्यातलाच ना,” म्हणायचा. काळ्या झग्यातला, सुळेवाला जुना म्हातारा त्याचा सगळ्यात लाडका. पुढे ते कॉलेजातले गोरेगोमटे झाले, पोरी आपणहून मान पुढे करायला लागल्या. आणि हल्लीचे तर बिचारे, रडके, रक्तपेढीच्या पिशव्यांवर दिवस काढणारे.

“ताई, आधी लोक त्याला घाबरायचे. आता त्याचा हेवा करतात,” तो एकदा म्हणाला. “मरत नाही ना तो.”

मी काहीतरी निमित्त काढून किचनमध्ये गेले.

एक नियम मात्र जवळजवळ प्रत्येक सिनेमात तोच – ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात पस्तिशीचा माणूस. फुल शर्ट, हातात हेल्मेट.

“संकेत आहे ना? ओझरला सोबत होतो आम्ही.”

“झोपलाय तो.”

“मग राहू द्या, उठवू नका. येतो मी.”

“या,” मी म्हटलं. सवयीनं. आपल्यात ‘जातो’ कुठे म्हणतात…

उठल्यावर संकेतला सांगितलं. वर्णनावरून त्याला असं कुणी आठवेना. मग एकदम हसायलाच लागला. “ताई, त्या लोकांची आपल्याकडे चंगळ आहे! आपण निघालेल्यालाही ‘या’ म्हणतो!” मीही पोट धरून हसले. आम्ही दोघं एकत्र हसलो ते शेवटचं.

पुढचा गुरुवार, तीच वेळ. दाराला आतून कडी. मोसंबीचा रस घेऊन खोलीत आले, तर तो माणूस संकेतच्या उशाशी खुर्चीवर बसलेला.

“तुम्ही… आत कसे आलात?”

“तुम्हीच ‘या’ म्हणालात ना,” तो अगदी मायेनं म्हणाला.

हातातला ग्लास सुटला. मी खाली बघितलं, वर बघितलं, खुर्ची रिकामी. धावत दाराशी गेले. कडी लावलेलीच. भास म्हणून सोडून दिलं असतं हो, पण परत आले तर संकेतनं डोळे न उघडता विचारलं, “कोण बोलत होतं गं?”

त्यानंतर चढवलेलं रक्त टिकेनाच. मंगळवारी चढवावं, शुक्रवारी रिपोर्ट पुन्हा तळाला. डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या केल्या. रक्त कुठे जातंय ते सापडलं नाही. मी वणीच्या देवीचा अंगारा आणून त्याच्या उशीखाली ठेवला – मी! आणि कुणालाही ‘या’ म्हणणं बंद केलं. शेजारच्या काकू निघाल्या तरी नुसती मान हलवायचे. त्यांना राग आला असेल, येऊ दे.

ट्रान्सप्लांटला तीन आठवडे उरले होते. हॉस्पिटलात वॉर्डबॉय त्याला आयसीयूत न्यायला निघाले. स्ट्रेचरवरून त्यानं माझं बोट धरलं.

“येतो गं, ताई.”

शब्द ओठांवर आला होता. मी गिळला. भीती वाटली मला. त्यानं दोन क्षण वाट बघितली, मग बोट सोडलं.

तो परत आला नाही.

कुणी म्हणेल, आजारच तसा होता. मीही वर्गात तेच सांगेन. पण कडी लावलेल्या घरात तो माणूस आला कसा, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. आता मी रोज दुपारी तीनला दार सताड उघडते आणि म्हणते, “ये रे, संकेत.”

कुणी येत नाही. तो माणूससुद्धा नाही.