बाक गार पडू नये म्हणून

माणसानं एकट्यानं करायची गोष्ट जगात एकच, ती म्हणजे आंघोळ. बाकी सगळं चारचौघांत बसून करायचं असतं, अशा ठाम मताची बाई जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून एकच होऊन गेली. ती आमच्या मंडळीत होती, हे सांगताना माझी छाती अशी फुगते की शर्टाचं दुसरं बटण कुरकुरतं. मंडळी म्हणजे आमचं जुन्नरचं ख्रिस्ती देऊळ (चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो) आणि त्यात रविवारी जमणारी माणसं. ती या सगळ्या माणसांची मावशी होती. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून तिनं उभी नोकरी ओतूरकडच्या गावांतून बाळंतपणं करण्यात घालवली, त्यामुळे ख्रिस्ती असो, हिंदू असो, बौद्ध असो की मुसलमान, अर्ध्या तालुक्याला तिनं पायाला धरून उलटं टांगलं होतं आणि पाठीत पहिला धपाटा घातला होता. निवृत्त झाल्यावरही हा हक्क तिनं सोडला नाही. माझी ओळख तर ती पाहुण्यांना अशी करून द्यायची, "ह्यो माझ्या हातचा. जल्मला तवा रडला, आन् तवाबी बेसूरच रडला."

हे शेवटचं खरं आहे. माझा आवाज हा आमच्या मंडळीचा जुना प्रश्न. तरुणपणी मी गायकमंडळात शिरलो होतो. आमच्या पेटीमास्तरांनी दोन रविवार सोसलं, तिसऱ्या रविवारी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमी मनातल्या मनात म्हणत जा. देवाला मनातलं ऐकू येतं." मी सुटकेचा आणि अपमानाचा असे दोन्ही श्वास एकदमच सोडत होतो, तेवढ्यात मावशी मागून कडाडली, "देवाला येत आसंल! पर शेजारच्या बाकावरल्याला ऐकू येत न्हाई. त्याला वाटतं, आपुन एकलेच हाये. मोठ्यानं म्हण रे." तेव्हापासून मी मोठ्यानं म्हणतो आणि पेटीमास्तर डोळे मिटून पेटी वाजवतात. नवख्यांना ती भक्ती वाटते. मला गाता येत नाही म्हणून पुढे वाचनाला उभं केलं, तर एका लग्नात मी पान चुकलो आणि मयतीच्या उपासनेतला भाग खणखणीत आवाजात वाचून काढला. नवरदेव माझ्याकडे आणि नवरी नवरदेवाकडे बघायला लागली. सगळं देऊळ थिजलेलं असताना मावशीनं एकटीनं असं दणदणीत "आमेन" ठोकलं की तेच तिथं वाचायचं होतं असं सगळ्यांना वाटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मंडळीत वाचलेलं वाया जात न्हाई. कदी ना कदी लागतंच त्यास्नी."

मावशी एकटी कधी प्रार्थना करत नसे. घरी करायची वेळ आली तर शेजारणीला हाक मारायची, शेजारीण नसली तर दूधवाल्याला दारात उभं करायची. "एकट्यानं केली ती कुरकुर, दोघांनी केली ती उपासना," हा तिचा नियम. नारायणगावला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली, तर डोळ्याला पट्टी बांधलेली असतानाच तिनं शेजारच्या खाटेवर कोण आहे याची चौकशी केली. जुन्नरच्याच कागदी मोहल्ल्याकडची एक खाला होती, तिच्याही डोळ्याला पट्टी. मावशी म्हणाली, "खाला, तुमी तुमची दुवा मागा, मी माझी प्रार्थना करते. पर एकाच टायमाला करू, म्हंजी दोघींनाबी सोबत." औषधाचे थेंब घेऊन आलेली नर्स बिचारी पायथ्याशी ताटकळत उभी राहिली. पुढं कितीतरी वर्षं ईदला खालाच्या घरून मावशीकडे शीरखुर्मा यायचा आणि नाताळला मावशीच्या करंज्या तिकडे जायच्या.

तिला सगळ्यांत राग कशाचा असेल, तर रिकाम्या बाकाचा. नव्वदच्या दशकात आमची तरुण पोरं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत लागू लागली, आणि देवळात बाकांपेक्षा माणसं कमी असं दिसायला लागलं. मावशीनं यावर उपाय काढला. पहिलं गीत झालं की ती उठायची आणि पुढच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसायची. दुसरं गीत झालं की खिडकीजवळच्या. अर्पणाची थैली फिरेपर्यंत ती शेवटच्या बाकावर पोचलेली असायची. आमच्या देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांनी एकदा हळूच विचारलं, की मावशी, पंख्याचं वारं लागतंय का? "वारं न्हाई साहेब. बाक गार पडला की मंडळी गार पडती. मी ऊब देत फिरते." एका रविवारी बाहेरगावचे वयोवृद्ध उपदेशक आले होते, त्यांची नजर जरा अधू. जेवताना ते मोठ्या कौतुकानं म्हणाले, की तुमच्या मंडळीत एकसारख्या दिसणाऱ्या चार-पाच बहिणी आहेत, सगळ्याच फार भाविक दिसतात. मावशीनं त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली.

ज्यानं लागोपाठ काही रविवार दांडी मारली, त्याच्याकडे ती शनिवारी दुपारी पिशवी घेऊन पावणी म्हणून जायची. काही बोलायची नाही, रागवायची नाही. फक्त राहायची. घोडेगावला आमच्यातलं एक कुटुंब होतं, त्यांना रविवारी सकाळी टीव्हीवर क्रिकेट बघायचा नाद लागला. मावशी एसटीनं तिथं हजर. सकाळी सगळ्यांच्या मधोमध बसली आणि प्रत्येक चेंडूला विचारायला लागली, "ह्यो पळाला तो आपला का त्यांचा? मंग टाळ्या का वाजवताय? आता परत का पळत न्हाई? पाय दुखत्यात का त्याचं?" घरधनी हात जोडून उठला. म्हणाला, "मावशी, कपडे करतो. दहाची गाडी मिळंल." त्या घरानं पुढं न सांगता रविवार चुकवला नाही, उलट गावात लग्न-बिग्न असलं की आधी निरोप पाठवायचे, येणार नाही, पण तुम्ही येऊ नका!

हे सगळं वेड वाटेल, पण त्याला एक कारण होतं, आणि ते ती क्वचित सांगायची. तिच्या माहेरच्या गावी एक लहानसं देऊळ होतं. आधी तिथली बुधवारची प्रार्थना बंद पडली, कारण माणसं येईनात. मग पावसाळ्यातले रविवार गेले, कारण वाट चिखलाची. मग सगळेच रविवार गेले. कुणी बंद केलं नाही, कुणी भांडलं नाही. "आता तिथं कांदं ठिवत्यात," मावशी म्हणायची. "माजा बाप्तिस्मा झाला त्या जागंवर कांदं. कांदा वाईट न्हाई रे. पर कांदा आमेन म्हणत न्हाई."

आता ती पहाट सांगतो. दोन हजारनंतरची ती वर्षं बिबट्यांची होती. ऊस तुटायला लागला की बिबटे बेघर व्हायचे आणि बांधाबांधानं हिंडायचे. वन खात्याची गाडी स्पीकरवरून सांगत फिरायची, की अंधारात एकट्यानं बाहेर पडू नका. आणि आमची तर पुनरुत्थानाच्या सणाची, म्हणजे येशू कबरीतून उठला त्या ईस्टरची, उपासना पहाटे, अंधारात, गावाबाहेरच्या कबरस्तानात, आणि वाट नेमकी उसाला लागून. आदल्या शनिवारी देवळाची पंचमंडळी बसली आणि ठरलं, की यंदा पहाटेची उपासना नको, नऊ वाजता देवळातच करू. पंचांमध्ये मीही होतो. हे मावशीला कोण सांगणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तू तिच्या हातचा," असं त्यांचं म्हणणं.

मी गेलो. मावशी मटार सोलत होती. मी फार मुद्देसूद बोललो. ती म्हणाली, "नऊ वाजता? अरं, नऊला पेन्शनर उठत्यात. त्यो पहाटंच उठला व्हता." मी बिबट्याचं सांगितलं. ती मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "एकदा चुकलं की दुसऱ्यांदा चुकायला लाज वाटत न्हाई. मंग कांदं." एवढं बोलून तिनं मला मूठभर मटार दिले आणि बोलणं संपवलं. तिनं बोलणं संपवलं म्हणून गोष्ट संपत नाही, हे पाळकसाहेबांना ठाऊक होतं. ती पहाटे घंटा वाजवून सगळ्यांना उठवील या भीतीनं, ज्या खोलीत घंटेचा दोर उतरतो त्या खोलीला त्यांनी मोठं कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपले.

पहाटे माझ्या दारावर थाप पडली. दारात मावशी, पांढरं लुगडं, हातात दवाखान्यातली जुनी टॉर्च. म्हणाली, "चल, कबरस्तानात." अंधारात एखाद्या म्हातारीनं दारात उभं राहून हे शब्द उच्चारले की माणसाचं काय होतं, ते मी सांगत बसत नाही.

"मावशी, बिबट्या हाय ना!"

"म्हणून तर तुला न्यायला आले. एकटीनं केली तर ती उपासना न्हाई. आन् तुझ्या आवाजाम्होरं बिबट्या टिकायचा न्हाई."

आतून आमची बायको म्हणाली, "जावा. मावशी बरोबर बोलत्यात."

गल्लीत आल्याबरोबर मावशी म्हणाली, "म्हण." मी म्हटलं, बिबट्या तर उसात आहे, इथून कशाला? "सराव कर." मी पुनरुत्थानाचं गीत सुरू केलं. एरवी मी बेसूर असतो. त्या पहाटे भीतीमुळे थरथरताही होतो. मावशी थोडं चालायची आणि दम लागल्यासारखी थांबायची. दर वेळी कुणाच्या तरी खिडकीखालीच तिला दम का लागतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पहिल्या खिडकीत दिवा लागला. "कोन मरतंय रे?" मग आतूनच उत्तर आलं, "अगं, ह्यो तर आपला! म्हंजी उपासना हाय!" पुढं पेटीमास्तर बनियनवर बाहेर आले. "भाऊ, दुसरी ओळ चढवायची न्हाई, उतरवायची!" असं म्हणून ती उतरवून दाखवायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांना मिटता येईना. ते शर्ट चढवत गात गातच मागून चालू लागले. दिवे लागत गेले, दारं उघडत गेली. पाळकसाहेबांच्या बंगल्यापाशी तर मावशीला एवढा दम लागला की माझी तीन कडवी झाली. पाळकसाहेब बाहेर आले. लेंग्यावर उपासनेचा पांढरा झगा, म्हणजे मन आधीच फितूर झालेलं, पण आवाज करडा ठेवून म्हणाले, "मावशी, मी घंटेला कुलूप लावलं होतं."

"घंटेला लावलं साहेब. ह्याला कुटं लावलं?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मागं गल्लीत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. म्हणाले, "थांबा. चपला घालतो."

तेव्हा कुठं मला उमगलं, की मावशीनं मला बिबट्यासाठी आणलंच नव्हतं.

गावाबाहेर कबरस्तानाला लागून एका बौद्ध शेतकऱ्याचं रान आहे. रात्रीची लाईट असल्यामुळे तो उसाला पाणी देत होता. आमचा घोळका बघून म्हणाला, "जयभीम, सिस्टरमावशी. हे काय, येवढ्या अंधारात?" त्याच्या दोन्ही लेकी मावशीच्या हातच्या. मावशीनं सांगितल्यावर म्हणाला, "थांबा राव, टॅक्टर काढतो." आणि ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे लावून तो आमच्यापुढं चालला. मध्येच उजवीकडच्या उसात सळसळ झाली. सगळे गप्प झाले. मी मावशीचा पदर धरला, हे मी नाकारत नाही. ती एवढंच म्हणाली, "थांबलास का? म्हण." मी म्हटलं. असं म्हटलं की पेटीमास्तरांनी कानावर हात ठेवले. सळसळ लांब गेली. उजाडल्यावर ट्रॅक्टरवाल्यानं बांधावरच्या चिखलात पावलं दाखवली, आमच्या उलट दिशेला गेलेली. माझ्या गायनाला मिळालेला तेवढा एकच प्रामाणिक अभिप्राय.

डोंगरामागून उजेड आला तेव्हा कबरांच्या मध्ये आमची सगळी मंडळी उभी होती. नऊ वाजता आली असती त्याहून जास्तच. सगळे गात होते आणि मावशी, जी एरवी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, ती गप्प उभी होती. मी कुजबुजलो, "मावशी, म्हण की." तिनं हात हलवला. "ऐकू दे रे जरा. सगळी हायेत."

पुढं काही वर्षांनी एका थंडीत मावशी गेली. त्याच कबरस्तानात, उसाच्या बाजूला तिला ठेवलं. ट्रॅक्टरवाला आला होता, खाला थकलेली म्हणून तिचे लेक आले होते, आणि तिनं पाठीत धपाटा घातलेली इतकी माणसं आली, की पाळकसाहेबांचा आवाज मागच्यांना पोचेना. त्या दिवशी मला कुणी मनात म्हणायला सांगितलं नाही.

नंतरच्या रविवारी पंचांनी ठरवलं, की मावशीची जागा रिकामी ठेवावी, तिथं फुलं ठेवावीत. फुलं घेऊन आम्ही देवळाच्या मधोमध उभे राहिलो आणि एकमेकांची तोंडं बघायला लागलो. तिची म्हणून जागा कुठली? ती तर सगळ्याच बाकांवर बसलेली. शेवटी फुलं खिडकीत ठेवली. पहिलं गीत संपलं, आणि पाळकसाहेबांच्या पत्नी उठल्या आणि जाऊन एका रिकाम्या बाकावर बसल्या. दुसऱ्या गीतानंतर घोडेगावचे ते क्रिकेटवाले उठले.

आता पाळकसाहेब नवे आहेत. पहिल्याच रविवारी त्यांनी पेटीमास्तरांना विचारलं, की दर गीतानंतर ही माणसं उठून कुठं जातात? पेटीमास्तर म्हणाले, "कुटं न्हाई साहेब. हितंच हायेत सगळी."

मीही उठतो. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, शेवटच्या बाकापर्यंत जातो. कधी कधी टेकलो की तो आधीच ऊबदार लागतो. त्या बाजूच्या खिडकीतून ऊन येतं, म्हणून असेल.