पेशकारसाहेब आणि दोन मिनारांचा रुपया

पेशकारसाहेब कुठलंही नाणं हातात घेण्याआधी उठून खिडकी लावून घ्यायचे. मे महिना असो, पंखा बंद पडलेला असो, खोलीभर माणसं घामानं निथळत असोत, खिडकी लागलीच पाहिजे. मग एकदा दाराकडे बघायचे, आणि मगच समोर रुमाल अंथरायचे. "कुणी बघितलं तर काय होणार आहे, साहेब?" असं मी एकदा न राहवून विचारलं. ते म्हणाले, "काय होईल ते मालूम असतं, तर भीती कशाला वाटली असती?"

कोर्टात न्यायाधीशांसमोर कागद ठेवायचे, म्हणून ते पेशकार. निजामाच्या अमदानीत नोकरीला लागले. मग भारताची फौज शिरली, पोलीस ॲक्शन झाली, लष्करी अंमल आला, मग निवडून आलेलं सरकार आलं. साहेब त्याच कोर्टात, त्याच खुर्चीवर राहिले. फक्त दर बदलाला थोडे जास्त घाबरट होत गेले. हैदराबादेत काचीगुड्याच्या त्यांच्या घरी रविवारी दुपारी नाणी जमवणारी माणसं जमायची. मी तिथे पहिल्यांदा गेले ती मराठी शाळेतली नवी शिक्षिका म्हणून, वडिलांच्या मागे राहिलेला तंबाखूचा एक डबा घेऊन. डब्यात जुनी नाणी होती आणि त्यांचं काय करायचं ते आईला आणि मला कळत नव्हतं.

"काळी पडलीयत," मी म्हणाले. "चिंचेनं घासू का?"

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "नको! बाई, एवढं करू नका. त्यांचा चेहरा पुसला जाईल." मग स्वतःच ओशाळून खाली बसले आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चहा टाकायला सांगितलं.

नवा माणूस आला की त्याचे प्रश्न ठरलेले असायचे. हे किती जुनं? विकलं तर काय येईल? एक माणूस स्वस्तात देतोय, घेऊ का? पहिलं उत्तर द्यायचे नायडू. ते सिकंदराबादचे, रेल्वेत अधिकारी, आवाजही इंजिनासारखा. "अरे, ले लो ना! क्या सोचते!" असं म्हणून ते नव्या माणसाला पार बाजारात नेऊन उभं करायचे. साहेबांचा एकच प्रश्न असायचा. "नाणं नंतर बघू. कुणाच्या हातून आलं ते सांगा." सांगता आलं नाही, तर ते रुमालाला हातही लावू द्यायचे नाहीत.

शिवाय नव्या माणसानं लगेच काही विकत घ्यायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आधी इतरांची नाणी हातात धरायची, कडेनं, पोटावर बोट न लावता. शहाबादी फरशीवर हलकेच टाकून त्यांचा आवाज ऐकायचा. "कान तयार झाला की खिसा आपोआप शहाणा होतो," असं ते म्हणत. खोटं नाणं ओळखलं तरी ते विकणाऱ्यासमोर कधी 'खोटं' म्हणाले नाहीत. "मला इत्मिनान नाही," एवढंच. ज्याबद्दल स्वतःची खात्री नाही त्याबद्दल ते अवाक्षर काढत नसत. नायडू त्यांना यावरून चिडवायचे, पण स्वतः काही घेण्याआधी गुपचूप त्यांनाच दाखवायचे.

ते दिवस मोठे वाईट होते. भाषावार राज्यं होणार हे ठरलं होतं आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन दिशांना जाणार होते. कचेऱ्यांतून याद्या निघत होत्या: कोण आंध्रात राहणार, कोण मुंबई राज्यात जाणार, कोण म्हैसुरात. कुणाविरुद्ध कुणी अर्ज केला, कोण जुन्या सरकारचा माणूस, याची कुजबुज चालायची. माझा भाऊ कचेरीतून आला की आई आधी त्याचा चेहरा बघायची, मग पाण्याचा तांब्या पुढे करायची. शाळा राहते की बंद होते हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगत नव्हतं. आणि त्याच वेळी निजामाचे जुने हाली रुपये सरकार परत घेत होतं, म्हणून नाण्यांच्या नादी लागलेली नवीन माणसं दर रविवारी वाढत होती.

अशातच देशमुख आला. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, नामपल्लीजवळ खोली घेऊन राहणारा, हसतमुख तरुण कारकून. दोन-तीन रविवार नुसता बसून ऐकत होता. मग एका रविवारी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि एक रुपया रुमालावर ठेवला.

"मामा विकतायत," तो म्हणाला. "छाप बिघडलेला आहे, पण चांदी अस्सल आहे. घेऊ का?"

हाली रुपयावर चारमिनार असतो. या रुपयावर तो छापताना सरकला होता. दोनच मिनार उमटले होते, बाकीचे काठाबाहेर गेले होते. मला ते गमतीचं वाटलं. मी वर बघितलं, तर कुणीच हसत नव्हतं. नायडूंनी तोंडाजवळ नेलेली बशी तशीच धरली होती. साहेबांनी हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला होता.

"घेऊ नका," शेवटी ते म्हणाले.

"का? खोटा आहे?"

"खरा आहे. म्हणूनच."

देशमुखला काही कळलं नाही. तो पुडी बांधून निघून गेला, आणि मग नायडूंनी मला हळू आवाजात सांगितलं. हा रुपया मीरसाहेबांचा. मीरसाहेबांनीच साहेबांना नाणी बघायला शिकवलं. ही रविवारची बैठकही मुळात त्यांच्या घरची. पुढे ते तहसीलदार म्हणून त्या तालुक्याच्या गावी गेले. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांनी बेगमना हैदराबादला पाठवून दिलं आणि स्वतः कामावर राहिले. त्यानंतर त्यांची काही खबर आली नाही. माणूस गेला की कुठे निघून गेला, कुणी सांगू शकलं नाही, आणि कुणी फार विचारलंही नाही.

"रुपया घरून चोरीला गेला असेल," मी म्हणाले.

"घरी नाही ठेवत होते," साहेब भिंतीकडे बघत बोलले. "शेरवानीच्या आतल्या खिशात असायचा. झोपतानासुद्धा उशाशी."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा खोली रिकामी होती. नायडू आले नव्हते. "मेरेकू इसमें मत डालो," असा निरोप त्यांनी धाडला होता. काकूंनी माझा हात धरून मला स्वयंपाकघरात ओढलं. देशमुखचे मामा यायचे होते. ते आले, धिप्पाड, पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर खादीची टोपी, गावात ज्यांचा शब्द चालतो अशा माणसाची बैठक. त्या गावचे पाटील. दाराच्या फटीतून मला साहेबांची पाठ तेवढी दिसत होती. सदरा पाठीला चिकटला होता.

"भाचा म्हणाला, तुम्ही माझा रुपया खोटा ठरवलात."

"नाही. खरा आहे म्हणालो."

"मग घेऊ नको का म्हणालात?"

 काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की त्यांच्या बांगड्या मला रुतत होत्या.

"पाटीलसाहेब," साहेब म्हणाले, "तो तुमच्याकडे कसा आला हे मी विचारत नाही. विचारायची माझी हिंमत नाही. तो ज्यांच्या खिशात होता ते कुठे आहेत, तेवढी जागा सांगा. त्यांच्या बेगमना आजवर कळलेलं नाही, हातात बांगड्या ठेवायच्या की काढायच्या."

"तुमचं नाव मुंबई राज्याच्या यादीत आहे म्हणतात," पाटील शांतपणे म्हणाले. "आमच्याच जिल्ह्यात याल एखादवेळेस."

ही धमकी होती की साधं बोलणं, ते मला आजही सांगता येत नाही. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"येईन," साहेब म्हणाले. "जागा सांगा."

पाटलांनी पाणी मागितलं. काकू हलेनात, म्हणून मीच तांब्या नेऊन ठेवला. ते सगळं पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "डाकबंगल्याच्या मागे. ओढ्याच्या वरच्या अंगाला कडुनिंब आहे, त्याच्याखाली. मी आणि आमचा गडी, दोघांनी माती दिली. दुसरं कुणी पुढे येत नव्हतं." त्यांनी पुडी सोडली, रुपया रुमालावर ठेवला आणि उठले. मारलं कुणी ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं नाही. पाटील गल्लीच्या टोकाला दिसेनासे झाले आणि साहेब मोरीपाशी जाऊन भडाभडा ओकले.

त्यांना ताप भरला. उतरल्यावर ते माझ्या शाळेत आले आणि व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "बाई, माझ्याबरोबर चला. भाभी पडद्यात असतात. हे पडद्याआडून सांगायची गोष्ट नाही. जवळ कुणीतरी बाईमाणूस पाहिजे."

जुन्या शहरातल्या एका बोळात बेगम भावाकडे राहत होत्या. साहेब पडद्याच्या अलीकडे चटईवर बसले, मी आत गेले. माझ्या वयापेक्षा आईच्या वयाच्या जवळ असलेली, ठेंगणी, पान खाणारी बाई. मी तिच्या तळहातावर रुपया ठेवला. तिनं तो उलटला, अंगठ्यानं चाचपला. मला वाटलं होतं ती रडेल, किंचाळेल. ती एकेक बांगडी काढून मांडीवर ठेवत राहिली, न फोडता. मग पडद्याकडे तोंड करून विचारलं, "तकलीफ तो नै हुई ना उनकू?"

 पलीकडे बसलेल्या माणसाला यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं तो कधी बोलत नसे.

"नै भाभी," साहेब म्हणाले. "बिलकुल नै."

परत येताना आम्ही नदीच्या पुलापर्यंत आलो. तिथे साहेब कठड्याला धरून थांबले. "तसदीक नसताना, खातरजमा न करता बोललो," एवढंच म्हणाले.

थोड्याच दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. मुंबई राज्य, आणि जिल्हा पाटलांचाच. हा योगायोग की कुणी मुद्दाम शब्द टाकला, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. नायडू अपराधी चेहऱ्यानं धावत आले. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून देतो, म्हणाले, तब्येतीचं कारण लावा, रद्द करून घेऊ. साहेब रात्री दचकून उठत होते हे काकूंनी मला सांगितलं होतं. तरी ते नको म्हणाले.

काचीगुडा स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. त्या आठवड्यात प्लॅटफॉर्मवर अशीच कुटुंबं दिसत होती, ट्रंका, पाटे-वरवंटे, पिंजऱ्यातला पोपट घेऊन निघालेली, आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. साहेब गाडीत बसेपर्यंत चारदा खिसे चाचपून झाले होते. गाडी हलताना मला म्हणाले, "रविवार बंद पडू देऊ नका, बाई. नवीन माणसाला नीट सांगा. पण घाबरवू नका. ते काम मी पुष्कळ करून ठेवलंय."

पुढच्या हिवाळ्यात बेगमनी मला बोलावून घेतलं. त्यांना तिथे जायचं होतं. भावाला वेळ नव्हता, किंवा धीर नव्हता. शाळेतून रजा काढून मीच त्यांना घेऊन निघाले. मधे आता नव्या राज्याची हद्द पडली होती, पण गाडीच्या डब्यातून ती काही दिसली नाही. बेगम बुरखा घट्ट धरून कोपऱ्यात बसल्या होत्या आणि डब्यात कुणी चढलं की माझा पदर पकडत होत्या.

स्टेशनवर साहेब उभे होते. निम्म्यानं वाळलेले, पण वेळेवर. टांगा ठरवून ठेवलेला. डाकबंगला गावाबाहेर, बाजाराच्या रस्त्याला लागून. आठवडी बाजाराचा दिवस होता. बैलगाड्या, शेळ्या, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं जात होती. कडुनिंबाखाली मातीचा उंचवटा नीट लिंपलेला होता, भोवती दगड रचलेले, आणि उशाशी एक घडीव शिळा. शिळा कोरी होती. साहेब बदलून आल्यापासून दर महिन्याला इथे येत होते, हे टांगेवाल्याच्या बोलण्यावरून मला कळलं. एकटे येत, कुणी दिसलं तर ओढ्याकडे बघत उभे राहत.

बेगमनी दोन्ही हात पसरून फातेहा वाचला. मग शिळेवरून हात फिरवला. "नाम नै लिखाए, भाईसाब?"

"डर गया था, भाभी," साहेब म्हणाले.

 रस्त्यावरची दोन-तीन माणसं आम्हाला बघून थांबली होती. बुरख्यातली बाई, नऊवारीतली मी, कोट घातलेला कोर्टाचा माणूस. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "कुनाची हाय वो ही?"

मी घाईघाईनं बेगमचा हात धरला. आता निघायला हवं, असं मला वाटलं. साहेब वळले.  ते रस्त्याच्या दिशेनं चार पावलं गेले आणि कोर्टात पुकारा करतात तशा आवाजात म्हणाले, "मीर यावर हुसेन. इथले तहसीलदार होते. माझे दोस्त."

बाकीची माणसं चालू लागली. म्हातारा थांबला. त्यानं डोक्यावरचं गाठोडं उतरवून खाली ठेवलं, पायातल्या वहाणा काढल्या.

"ठाव हायेत की," तो म्हणाला.

साहेबांनी त्याचा हात धरून त्याला झाडाखाली आणलं. "काय ठाऊक आहे ते सांगा, बाबा," ते म्हणाले. "यांना ऐकायचंय."